तू कोण होणार?

लढवय्या, जादूगार, शाहीर की जखमा बांधणारा? बेंगळुरूतल्या तरुण मंडळींच्या घरांत सुट्टीच्या दिवशी रंगणारा हा वाद वरवर गमतीचा वाटतो. पण त्याच्या पोटात आपल्या घराघरातला एक जुना प्रश्न दडलेला आहे.

मराठी घरात ‘क्लास’ म्हटलं की आठवते ती शिकवणी. गणिताचा क्लास, गाण्याचा क्लास, दहावीचा क्लास! त्यामुळे बेंगळुरूत स्थायिक झालेल्या एखाद्या मराठी आईच्या कानावर मुलाचं फोनवरचं बोलणं पडलं, ‘‘तू हा क्लास घेऊच नकोस. घेतलास तर पहिल्याच खोलीत मरशील!’’ तर तिच्या हातातली पळी तिथेच थांबायची.

घाबरण्याचं कारण नाही. हा क्लास शिकवणीचा नाही. तो आहे एका खेळातल्या पात्राचा पेशा. खेळाचं नाव ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’. खेळणारे त्याला लाडानं ‘डी अँड डी’ म्हणतात. तळघरं, राक्षस, खजिने आणि मंत्रतंत्र यांनी भरलेल्या कल्पित जगात आपण एखादं पात्र होऊन वावरायचं, असा हा खेळ. त्यात शिरण्याआधी प्रत्येकाला एका प्रश्नाचं उत्तर द्यावं लागतं. तू कोण होणार?

आणि इथेच वादाला तोंड फुटतं. कोणता पेशा भारी, कोणता कुचकामी, कोणता नुसताच दिखाऊ, यावर खेळणारी मंडळी तासन् तास भांडतात. क्रिकेटवेडे लोक गावसकर मोठा की तेंडुलकर मोठा यावर भांडतात ना, अगदी तसंच!

बेंगळुरूत हे का रुजलं, हे समजायला फार डोकं खाजवावं लागत नाही. नोकरीच्या निमित्तानं देशभरातली तरुण मुलं या शहरात येतात. भाड्याच्या घरात राहतात. आठवडाभर संगणकासमोर आणि वाहतुकीच्या कोंडीत जीव आंबून जातो. शनिवार उजाडला की चार माणसं हवीशी वाटतात. टेबलावरचे खेळ मांडणारी कॅफे आता शहरात आहेत, पण या खेळाला कॅफेही लागत नाही. एक टेबल, थोडे फासे, कागद, पेन्सिल आणि तीन-चार तास गप्पा मारायची तयारी एवढं पुरतं. एकाच टेबलाभोवती कन्नड, मराठी, तमिळ, बंगाली, मल्याळी मुलं बसतात. असं बसणं या शहराला नवं नाही. सतराव्या शतकात शहाजीराजांना बेंगळुरूची जहागीर मिळाली, तेव्हा जयराम पिंड्ये या कवीनं त्यांच्या दरबारावर ‘राधामाधवविलासचंपू’ रचला. त्यातही निरनिराळ्या भाषांमधले कवी एकाच सभेत भेटतात!

खेळ चालतो कसा?

समजा, कोरमंगल्यातल्या एका फ्लॅटमध्ये पाच जण बसले आहेत. त्यातला एक जण गोष्ट सांगणारा. बाकीचे चौघे त्या गोष्टीतली पात्रं. सांगणारा म्हणतो, ‘‘तुम्ही एका पडक्या गढीपाशी पोचला आहात. अंधार पडलाय. दिंडीदरवाजा आतून बंद आहे. आत कुणीतरी रडतंय. काय करता?’’

लढवय्या म्हणतो, ‘‘दार फोडतो.’’ कुलपं उघडण्यात तरबेज असलेला म्हणतो, ‘‘थांब, गाव गोळा करशील. आधी कडी सरकवून बघू.’’ जादूगार म्हणतो, ‘‘माझ्याकडे आज दोनच मंत्र उरलेत. ते इथं वाया घालवणार नाही.’’ आणि शाहीर झालेली मुलगी म्हणते, ‘‘अरे, रडणाऱ्या माणसाला आधी हाक तरी मारून बघा!’’

मग वीस बाजूंचा फासा पडतो. आकडा चांगला आला तर बेत तडीस जातो, वाईट आला तर फजिती. पुढे काय झालं ते सांगणारा सांगतो आणि गोष्ट सरकते. कुणी जिंकत नाही, कुणी हरत नाही. गोष्ट पुढच्या शनिवारी पुन्हा सुरू होते.

एकाच बंद दाराकडे चौघांनी चार डोळ्यांनी पाहिलं, हे लक्षात आलं ना? पेशा म्हणजे नेमकं हेच. तुमच्या अंगी काय कौशल्य आहे, यापेक्षाही संकट आलं की तुम्हाला आधी काय सुचतं, हे तुमचा पेशा सांगतो.

तिनाचे झाले बारा

हा खेळ १९७४ साली अमेरिकेत जन्मला. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन हे त्याचे जनक. गायगॅक्स पूर्वी विमा कंपनीत कामाला होते. ती नोकरी गेल्यावर त्यांनी घरी जोडे दुरुस्त करून संसार चालवला. खेळाची पहिली आवृत्ती होती अवघ्या एक हजार प्रतींची!

सुरुवातीला पेशे होते फक्त तीन. लढवय्या, जादूगार आणि क्लेरिक, म्हणजे देवाच्या कृपेनं जखमा बऱ्या करणारा. या तिसऱ्याच्या जन्माची कथा मजेशीर आहे. आर्नेसन यांच्या घरच्या खेळात एक जण रक्तपिपासू पिशाच्च होऊन खेळत होता. तो इतका बलवान झाला की कुणालाच आवरेना. त्याला वेसण घालायला दुसऱ्या खेळाडूसाठी पिशाच्चांचा शिकारी तयार केला गेला. तोच पुढे क्लेरिक झाला.

१९७५ च्या पुरवणीत चोर आला. ‘चोर’ म्हटल्यावर नाक मुरडू नका. दूरदर्शनवर १९९४ साली लागणाऱ्या ‘चंद्रकांता’ मालिकेतले ऐयार आठवा. वेषांतर, चोरवाटा, हातचलाखी आणि धन्यासाठी जिवावर उदार होणं. शिवरायांचे हेर बहिर्जी नाईक हेही याच जातकुळीतले. पुढे या पेशाचं ‘चोर’ हे नावही बदललं गेलं.

मग हळूहळू भर पडत गेली. व्रतस्थ योद्धा पॅलाडिन. रानवाटांचा जाणकार रेंजर. निसर्गाशी बोलणारा ड्रुइड. नि:शस्त्र लढणारा माँक. संतापाच्या बळावर लढणारा बार्बेरियन. २०२४ साली निघालेल्या खेळाच्या नव्या पुस्तकात पेशांची संख्या आहे बारा. मराठी माणसाला बारा बलुतेदार आठवणारच! ती आठवण बाजूला ठेवू. तिच्याकडे पुन्हा यायचं आहे.

दमाचा घोडा की उशिराचा पाऊस?

सर्वांत जुना वाद आहे लढवय्या मोठा की जादूगार मोठा हा.

पात्राचा दम किती, तो किती मार खाऊ शकतो, हे जुन्या नियमांत फाशानं ठरे. १९७८ च्या पुस्तकात लढवय्यासाठी दहा बाजूंचा फासा होता, जादूगारासाठी चार बाजूंचा. नवशिक्या जादूगाराला दिवसाला एकच मंत्र. तो टाकला की बिचारा कोपऱ्यात उभा. मांजरानं ओरबाडलं तरी याचा अवतार संपेल, अशी चेष्टा खेळाडू करत. पण तोच जादूगार तगला तर पुढे आगीचे लोळ फेकतो, आकाशातून उडतो. लढवय्या मात्र पहिल्या दिवशीही तलवार चालवतो आणि शेवटच्या दिवशीही तलवारच चालवतो. थोडी जास्त जोरात, एवढंच.

जादूगाराचा मंत्र वापरला की तो डोक्यातून पुसला जातो आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा पाठ करावा लागतो, ही कल्पना गायगॅक्स यांनी जॅक व्हान्स या अमेरिकन लेखकाच्या कथांमधून घेतली. पाश्चात्त्य खेळाडूंना ती विचित्र वाटली. ‘शिकलेलं विसरतं कसं?’ असं ते विचारत. मराठी वाचकाला मात्र तिच्यात काहीच परकं वाटू नये. कर्णाला इंद्रानं दिलेली वासवी शक्ती एकदाच वापरता येणार होती. ती त्यानं अर्जुनासाठी राखून ठेवली आणि घटोत्कचावर खर्च करावी लागली. परशुरामाच्या शापामुळे नेमक्या गरजेच्या वेळी त्याला ब्रह्मास्त्राचा मंत्रही आठवला नाही. मोजकी शक्ती कधी वापरायची आणि कधी राखायची, हीच जादूगाराची खरी परीक्षा. महिन्याचा पगार हातात घेऊन बसलेल्या गृहिणीला तर ती समजावून सांगायलाच नको!

सगळे पेशे समान करून हा वाद एकदाचा मिटवावा, असा प्रयत्न २००८ च्या चौथ्या आवृत्तीत झाला. प्रत्येक पेशाची ताकद एकाच साच्यात बसवली. कधीही वापरण्याजोग्या करामती, दर लढाईत एकदा वापरण्याजोग्या, दिवसातून एकदा वापरण्याजोग्या. हिशेब जमला. पण अनेक जुने खेळाडू नाराज झाले. त्यांचं म्हणणं होतं, आता कुठलाही पेशा घेतला तरी चव एकच लागते. वांगं असो, भेंडी असो की दुधी, सगळ्यांत सारखाच गोडा मसाला! २०१४ च्या पाचव्या आवृत्तीत प्रत्येक पेशाची वेगळी चव पुन्हा आणली गेली. तोल थोडा ढळला तरी चालेल, पण स्वाद हवा, असा बहुतेकांचा कौल पडला.

अभ्यास, वारसा की वशिला?

आताच्या खेळात जादू करणाऱ्यांचे तीन पेशे शेजारी शेजारी बसतात आणि त्यांच्यावरून होणारी भांडणं ऐकण्यासारखी असतात.

विझार्ड पुस्तकं पालथी घालून जादू शिकतो. सॉर्सररच्या रक्तातच जादू असते, कुणा पूर्वजाकडून आलेली. वॉरलॉक कुणा बलाढ्य शक्तीशी करार करून जादू मिळवतो. म्हणजे एक अभ्यासू, एक वारसदार आणि एक वशिलेवाला! कचेरीत काम केलेल्या कुणालाही या तिघांचे चेहरे लगेच आठवतील.

गंमत अशी की, तिघांच्याही बाजूनं बोलणारे भेटतात. अभ्यासू माणसाला पुष्कळ मंत्र येतात, पण त्याची वही हरवली की पंचाईत. वारसदाराला मोजकेच मंत्र येतात, पण ते वाकवून हवे तसे वापरता येतात. करारवाल्याची शिदोरी लहान, पण थोडी विश्रांती मिळाली की ती पुन्हा भरते. मात्र ज्याच्याशी करार केला, तो कधी दारात येऊन उभा राहील याचा नेम नाही. गोष्ट सांगणाऱ्याला हे फार आवडतं. कारण कर्ज घेतलेल्या माणसाची गोष्ट नेहमीच रंगते.

शाहिराला कमी लेखू नका

चेष्टेचा धनी झालेला पेशा म्हणजे बार्ड. गाणी म्हणणारा, गोष्टी सांगणारा, आपल्या शब्दांनी सोबत्यांना हुरूप देणारा. ‘इकडे राक्षस अंगावर येतोय आणि हा तुणतुणं वाजवतोय’, अशी त्याची टर उडवली जाते. १९७८ च्या पुस्तकात तर बार्ड होण्यासाठी आधी लढवय्या, मग चोर, मग ड्रुइडांकडे शिक्षण, अशी यातायात करावी लागे.

मराठी माणसानं मात्र या चेष्टेत सामील होऊ नये. बार्ड म्हणजे आपला शाहीर. डफावर थाप पडली की माणसं कशी उठून उभी राहतात, हे या मातीनं पाहिलं आहे. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात शाहीर अमर शेख आणि अण्णा भाऊ साठे यांनी सभा गाजवल्या. एक तलवार एकालाच अडवते. एक पोवाडा हजारांना उठवतो. त्या गढीच्या दारापुढची शाहीर मुलगी आठवा. ‘आधी हाक मारून बघा’ हे चौघांत तिलाच सुचलं होतं.

२०२३ साली या खेळावर आधारित ‘ऑनर अमंग थीव्हज’ हा हॉलिवूडपट आला. त्यातला म्होरक्या बार्डच आहे. त्याचे बेत एकामागून एक फसतात आणि तो दर वेळी नवा बेत आखून सोबत्यांना पुन्हा उभं करतो. घराघरात असं एक माणूस असतंच!

जखमा कोण बांधणार?

खेळ मांडताना हमखास अडतो तो प्रश्न वेगळाच. लढायला सगळे तयार असतात. जखमा बांधायला कोण बसणार?

क्लेरिक घेतला की बाकीच्यांचं लक्ष त्याच्याकडे जातं ते फक्त कुणी जायबंदी झाल्यावर. ‘अगं, मला बरं कर!’, ‘आधी मला!’ राक्षस मारल्याचं श्रेय लढवय्याला, खजिना सापडल्याचं श्रेय चोराला. चौघं जिवंत परतली याचं श्रेय कुणालाच नाही! म्हणून हा पेशा बहुधा गटातल्या सर्वांत समजूतदार किंवा सर्वांत नवख्या माणसाच्या गळ्यात पडतो. पंगतीत सगळ्यांना वाढून शेवटी जेवायला बसणाऱ्या माउलीला हे ओळखीचं वाटेल.

खेळ रचणाऱ्यांनाही ही अडचण जाणवली. २००० सालच्या तिसऱ्या आवृत्तीत त्यांनी क्लेरिकला बरंच बळ दिलं. सकाळी तयार केलेला दुसरा एखादा मंत्र ऐन वेळी जखम भरण्यासाठी वळवता येईल, अशी सोय केली. म्हणजे दिवसभराचे सगळे मंत्र दुसऱ्यांच्या दुखण्यासाठी राखून ठेवायची सक्ती गेली. क्लेरिकलाही स्वत:चं काहीतरी करायला सवड मिळाली. सेवा करणाऱ्यालाही स्वत:च्या मनाचं करता आलं पाहिजे, हे एका खेळाच्या नियमात आलं. घराच्या नियमात कधी येणार?

जन्मानं की निवडीनं?

आता त्या बारा बलुतेदारांकडे वळू. सुतार, लोहार, कुंभार यांच्यावाचून गावाचं पान हलत नसे. पण सुताराच्या मुलाला ‘तू कोण होणार?’ असं कुणी विचारत नव्हतं. उत्तर त्याच्या जन्माबरोबरच ठरलेलं असे.

डी अँड डीच्या पहिल्या नियमांतही अशाच भिंती होत्या, हे वाचून आश्चर्य वाटेल. या कल्पित जगात माणसांशिवाय ड्वार्फ, एल्फ, हाफलिंग अशा जमाती आहेत. १९७४ च्या नियमांत ड्वार्फ आणि हाफलिंग फक्त लढवय्ये होऊ शकत. पुस्तक उघडून मंत्र शिकण्याची त्यांना मुभाच नव्हती! १९७८ साली पॅलाडिन हा मानाचा पेशा फक्त माणसांसाठी राखीव होता. १९८१ सालच्या सोप्या आवृत्तीत तर कमालच झाली. माणूस असाल तर पेशा निवडा. ड्वार्फ म्हणून जन्मलात तर ‘ड्वार्फ’ हाच तुमचा पेशा! जन्म आणि काम एकच.

बायकांच्या वाट्यालाही कुंपण होतं. १९७८ च्या नियमांत स्त्री पात्राच्या ताकदीची कमाल मर्यादा पुरुष पात्रापेक्षा कमी ठेवली होती. राक्षस खरे, उडते साप खरे, मेलेली माणसं चालतात हेही खरं. पण बाई पुरुषाइतकी बलवान? छे, ते मात्र अशक्य!

हे नियम आभाळातून पडले नव्हते. माणसांनीच लिहिले होते. म्हणून माणसांनीच ते बदलले. स्त्रियांच्या ताकदीवरची मर्यादा १९८९ च्या दुसऱ्या आवृत्तीत गेली. २००० साली कुठल्याही जमातीत जन्मलेल्याला कुठलाही पेशा खुला झाला. २०२४ च्या पुस्तकात पात्राच्या गुणांना मिळणारी वाढ जन्माच्या जमातीवरून ठरत नाही. ते पात्र काय करत वाढलं, त्याची पार्श्वभूमी काय, यावरून ठरते. एवढं अंतर तोडायला खेळाला पन्नास वर्षं लागली.

आपल्याकडे हा वाद किती जुना आहे! रंगभूमीवर अर्जुनाला आव्हान देणाऱ्या कर्णाला कृपाचार्यांनी बाण किती लांब जातो हे विचारलं नाही, कूळ विचारलं. एकलव्यानं पेशा स्वत: निवडला आणि त्याची किंमत अंगठ्यानं मोजली. म्हणूनच एखादी मुलगी बेंगळुरूच्या त्या टेबलावर बसून ‘मी बार्बेरियन’ म्हणते, बारा बाजूंचा दमाचा फासा उचलते आणि कुणीही तिला ‘तू? आणि बार्बेरियन?’ असं विचारत नाही, तेव्हा ती गोष्ट साधी राहत नाही.

चौकट हवी तरी कशाला?

काही जण मात्र मुळालाच हात घालतात. माणसाला पेशाच्या चौकटीत कोंबायचं तरी कशाला? १९७८ साली आलेल्या ‘रूनक्वेस्ट’ या खेळात पेशांच्या अशा भिंती नाहीत. जे कौशल्य वापराल ते वाढेल. तलवार चालवा, मंत्र शिका, गाणं म्हणा. हवी तशी मिसळ करा.

या बाजूनं महाभारताची साक्षही काढता येईल. अज्ञातवासात गदाधारी भीम विराटाच्या मुदपाकखान्यात बल्लव झाला. अर्जुन बृहन्नडा होऊन उत्तरेला नाच-गाणं शिकवू लागला. मग सांगा, अर्जुनाचा पेशा कोणता? लढवय्या की शाहीर? वर्षाच्या शेवटी कौरव गाई पळवायला आले, तेव्हा याच बृहन्नडेनं धनुष्य हाती घेतलं. एका माणसात दोन माणसं असू शकतात.

चौकटीच्या बाजूचं म्हणणंही ऐकायला हवं. नवख्या माणसासमोर शंभर कौशल्यांची यादी ठेवली तर तो गांगरून जातो. ‘तू शाहीर’ म्हटलं की त्याला लगेच वाट सापडते. दुसरं कारण जास्त मोलाचं आहे. प्रत्येक पेशा अपुरा असतो. लढवय्याला कुलूप उघडता येत नाही, जादूगाराला मार सोसत नाही, चोराला जखम भरता येत नाही. म्हणून चौघांना एकत्र बसावंच लागतं. ज्याला सगळं येतं त्याला सोबत कशाला हवी? ‘सर्वांत चांगला पेशा कोणता?’ या प्रश्नाचं उत्तर म्हणूनच टेबलावर आणखी कोण बसलंय, यावर ठरतं.

चौकट वाईट नसते. ती दुसऱ्यानं आपल्यावर लादली की वाईट होते. आपण निवडली आणि हवी तेव्हा बदलता आली, तर तीच आधार होते.

पालकांनी काय पाहावं?

हा खेळ मुलांना बिघडवतो, अशी भीती १९८० च्या दशकात अमेरिकेत जोरात पसरली होती. भुताखेतांच्या नादी लागून मुलं जिवाचं बरंवाईट करून घेतील, असं बोललं जाई. १९८५ साली दूरचित्रवाणीवरच्या एका गाजलेल्या कार्यक्रमातही ही चर्चा झाली. नंतरच्या अभ्यासांत त्या आरोपांना आधार मिळाला नाही. तरी आईवडिलांनी डोळे मिटून बसावं असंही नाही. पुढच्या गोष्टी पाळल्या तर हा खेळ घरात सुखानं नांदेल.

• पहिले काही डाव घरातच होऊ द्या. बैठकीच्या खोलीत टेबल द्या. चार मुलं मोठ्यानं हसत असतील तर काळजीचं कारण कमी.

• वेळ आधी ठरवा. गोष्ट कधीच संपत नाही. म्हणून तीन तास म्हणजे तीन तास.

• सुरुवातीलाच पैसे ओतू नका. खेळाचे मूळ नियम २०२३ पासून कुणालाही मोफत वापरता येतील असे खुले केलेले आहेत. सात फाशांचा एक संच पुरतो.

• कोणत्या गोष्टी कथेत नकोत, हे खेळण्याआधी सर्वांनी मोकळेपणानं बोलून घ्यावं. अनुभवी खेळाडूही हे करतात. धाकट्यांना फार भीषण प्रसंग नको असतील तर ते सांगायला लाजू नये.

• इंटरनेटवरून अनोळखी माणसांबरोबर मुलं खेळत असतील, तर ती माणसं कोण आहेत हे माहीत करून घ्या.

• आणि भाषा? ती तर हवीच! गोष्ट मराठीत सांगा. तळघराच्या जागी भुयार येऊ द्या, ड्रॅगनच्या जागी वेताळ. बेंगळुरूत वाढणाऱ्या ज्या मुलांची मराठी ‘जेवलास का?’ आणि ‘अभ्यास कर’ यापलीकडे जात नाही, त्यांना दिंडीदरवाजा, गढी, मशाल, हेर हे शब्द असेच सापडतील.

पुन्हा तोच प्रश्न

‘तू मोठेपणी कोण होणार?’ हा प्रश्न आपण लहान मुलांना हौसेनं विचारतो. पोर सहा वर्षांचं असताना त्याचं कुठलंही उत्तर आपल्याला गोड वाटतं. सोळाव्या वर्षी मात्र आपल्याला एकच उत्तर ऐकायचं असतं. त्यानंतर आयुष्यभर तो प्रश्न कुणी विचारत नाही. कचेरीत हुद्दा ठरलेला, घरात नातं ठरलेलं. मोठा मुलगा म्हणजे जबाबदार, धाकटा म्हणजे हूड, सून म्हणजे सोसणारी. दिवसभर हुद्द्यानं ओळखली जाणारी माणसं शनिवारी टेबलाभोवती जमतात, ती बहुधा याचसाठी. तिथे तो प्रश्न पुन्हा एकदा विचारला जातो आणि कुठलंही उत्तर चालतं.

पुढच्या वेळी तुमच्या घरी हा डाव पडला, तर मुलांना एक सुचवून बघा. बाल्कनीत बसलेल्या आजीला टेबलाशी बोलवा. ‘‘आजी, तू कोण होणार?’’ असं विचारा. उत्तराची घाई करू नका. सत्तर वर्षांत हा प्रश्न तिला कदाचित पहिल्यांदाच विचारला जात असेल. तिनं जखमा बांधणारी व्हायचं नाकारलं आणि शाहीर निवडला, तर दचकू नका. फासा तिच्या हातात द्या आणि गोष्ट पुढे जाऊ द्या.